सँटोरिनीत एकच दिवस: क्रूझवरून उतरणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीसची क्रूझ ठरली की ओळखीपाळखीतलं कुणी ना कुणी मला फोन करतंच. मी सँटोरिनीला दोनदा गेले आहे, दोन्ही वेळा जहाजानेच आणि दोन्ही वेळा एकेका दिवसासाठी. पहिल्यांदा नवऱ्याबरोबर गेले तेव्हा सगळा दिवस रांगांमध्ये गेला. दुसऱ्यांदा आई-बाबा बरोबर होते आणि तो दिवस आमच्या घरात अजून निघतो. फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे.

एका दिवसात सँटोरिनी बघून होते का?

अख्खं बेट होत नाही. ते फक्त ७६ चौरस किलोमीटरचं आहे, पण प्रश्न आकाराचा नाही, वेळेचा आहे. जहाज आठ तास थांबणार असेल तर तुमच्या हातात खरे पाच तास येतात. लाँचची वाट बघण्यात, कडा चढण्यात आणि संध्याकाळी परत उतरण्यात बाकीचे जातात. काही छोट्या क्रूझ तर दुपारी चार-साडेचारला पोहोचतात आणि रात्री नऊच्या आसपास निघतात. म्हणून आधी आपल्या जहाजाची वेळ बघा, त्यातून सरळ तीन तास वजा करा आणि उरलेल्यात एकच मोठी गोष्ट ठरवा. दोन ठरवल्या की दोन्ही अर्धवट होतात.

जहाज धक्क्याला लागत नाही म्हणतात, ते का?

कारण तुमचं जहाज ज्यात उभं राहतं ते बंदर नाही, ज्वालामुखीचं तोंड आहे. साधारण बारा किलोमीटर लांब आणि सात किलोमीटर रुंद असं हे पाण्याने भरलेलं विवर. त्याला कॅल्डेरा म्हणतात. मधोमध पाणी जवळजवळ चारशे मीटर खोल आहे, त्यामुळे नेहमीसारखा नांगर टाकणं अवघड. मोठी जहाजं पाण्यावरच थांबतात आणि स्थानिक नावाड्यांच्या लाँच येऊन माणसं नेतात. गेटवेहून घारापुरीला लाँचने गेला असाल तर चढण्या-उतरण्याची कसरत तुमच्या ओळखीची आहे.

एक गोष्ट मात्र आधी विचारून घ्या: आपल्याला कुठे उतरवणार? जहाजाकडूनच बेटावरची सहल विकत घेतलेल्यांना बहुतेकदा अथिनिओस बंदरात नेतात. तिथून नागमोडी घाटरस्त्याने बस वर चढते. स्वतंत्र फिरणारे फिरा गावाच्या पायथ्याशी, जुन्या बंदरात उतरतात. (राजधानीच्या या गावाचा उच्चार आपल्या ‘फिरा’सारखाच, त्यामुळे लक्षात राहतो.) सहलीची बस अथिनिओसहून निघाली तरी शेवटी तुम्हाला फिऱ्यात सोडते आणि खाली बंदरात तुमचे तुम्ही उतरता. हे माहीत नसल्यामुळे पुष्कळ जण गोंधळतात.

जुन्या बंदरातून वर जायचं कसं?

समोर सव्वादोनशे मीटरचा उभा कडा असतो आणि वाटा तीन.

केबल कार १९७९ पासून चालू आहे. छोटे डबे, तीन मिनिटांचा प्रवास, आणि वर जाताना खालचं जहाज खेळण्याएवढं होत जातं. पण एका खेपेला मोजकीच माणसं मावतात आणि त्याच दिवशी चार जहाजं आली असली की रांग तासभरही लागते. शक्य तितकी लवकरची लाँच पकडा, हाच उपाय.

दुसरी वाट पायऱ्यांची. पाचशेऐंशीच्या वर आहेत. रुंद, बुटक्या, पण दगड झिजून गुळगुळीत झालेले आणि त्यावर खेचरांची लीद. पहिल्या खेपेला मी सपाट सँडल घालून इथून उतरले. दर पाचव्या पायरीला पाय सरकत होता आणि वळणावर खेचरांचा तांडा समोर आला की भिंतीला चिकटून उभं राहावं लागत होतं. चांगली पकड असलेले बूट असतील आणि गुडघे धड असतील, तरच हा विचार करा. वर चढण्यापेक्षा उतरणं जास्त धोक्याचं आहे.

तिसरी वाट खेचरावर बसून. कृपा करून ही घेऊ नका. भर उन्हात, त्या घसरड्या पायऱ्यांवर ही जनावरं दिवसभर वर-खाली करतात. ग्रीक सरकारने २०१८ मध्ये नियम केला की शंभर किलोपेक्षा किंवा जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं त्याच्यावर लादायचं नाही. तो नियम करावा लागला यातच सगळं आलं. जवळून त्यांच्या पाठीवरचे घट्टे पाहिलेत तर बसवणार नाही.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. त्यांना झेपेल का?

माझ्या आईला जिना चढतानासुद्धा कठडा लागतो, आणि तिने हा दिवस पार पाडला. अट एवढीच की केबल कारने जायचं आणि केबल कारनेच यायचं. लाँचमध्ये पाय टाकताना खलाशी हात देतात. फिऱ्याच्या गल्ल्यांमध्ये पायऱ्या आहेत, पण ठिकठिकाणी ओटे आणि कठडे आहेत, टेकत टेकत जाता येतं. ज्येष्ठांबरोबर असाल तर जहाजाची सहल महाग असली तरी घ्यावी, असं माझं मत आहे. बस दारात मिळते आणि उशीर झाला तर जहाज आपल्या सहलीसाठी थांबतं. चाकाच्या खुर्चीवर असलेल्यांना मात्र लाँचपासूनच अडचणी आहेत. जहाजावर आधी बोलून घ्या.

ईआला जायलाच हवं ना? ते निळे घुमट तिथेच आहेत.

निळे घुमट तिथेच आहेत, गाव अतिशय देखणं आहे, आणि तरीही पाच तासांच्या दिवसात मी ईआ सुचवत नाही. फिऱ्याहून ते अकरा किलोमीटर. गर्दीच्या दिवशी अरुंद रस्त्यावर बस मुंगीच्या पावलांनी जाते आणि गावात शिरल्यावर ठरावीक दोन-तीन जागी फोटोसाठी रांगेत उभं राहायचं. आमच्या पहिल्या खेपेला आम्ही नेमकं हेच केलं. परतीची बस भरून गेली, पुढच्या बसला उभे राहून आलो, केबल कारची रांग बाजारपेठेत आलेली दिसली, आणि मग त्या पायऱ्या. बेटाबद्दल सांगण्यासारखं आमच्याजवळ काहीच नव्हतं, फोटो तेवढे होते.

पांढरी घरं आणि कड्यावरून दिसणारा समुद्र हवा असेल तर फिऱ्याहून उत्तरेला चालत निघा. फिरोस्तेफानी, मग इमेरोविग्ली. अर्ध्या-पाऊण तासाची काठाकाठाची फरसबंद वाट आहे, फिऱ्यापेक्षा गर्दी कमी, आणि निळे घुमट याही वाटेवर भेटतात. इमेरोविग्लीसमोर स्कारोस नावाचा सुळका पुढे आलेला आहे. एकेकाळी त्यावर किल्ला आणि वस्ती होती. आपल्या माणसांना तो बघितल्यावर लगेच गडाची आठवण होते, बाबांना झालीच.

मग तुम्ही नक्की काय बघायला सांगता?

पायाखालची जमीन. मला हे अगदी मनापासून सांगायचं आहे. बेटाचं सौंदर्य चुन्याने रंगवलेल्या घरांमुळे आहे असं फोटोंवरून वाटतं, पण ते सगळं ज्या काठावर बसलंय तो काठ बघा.

लाँचमधून उतरलात की घाई न करता कड्याकडे मान वर करून बघा. काळा थर, मग विटकरी, मग राखाडी, पुन्हा काळा, आणि माथ्यावर फिकट, जवळजवळ पांढरा. खंडाळ्याच्या किंवा माळशेजच्या घाटात आपण असेच आडवे थर बघत मोठे झालो आहोत. सह्याद्रीचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लांबच लांब भेगांमधून वाहून आलेल्या लाव्हाचे. इथला सगळ्यात वरचा पांढरा थर मात्र फक्त साडेतीन हजार वर्षांचा आहे. इसवी सनापूर्वी १६०० च्या आसपास हा ज्वालामुखी फुटला, आतला शिलारस प्रचंड प्रमाणात बाहेर फेकला गेला, आणि खाली पोकळी झाल्यावर वरचा भाग ढासळलेल्या विहिरीसारखा आत बसला. त्यात समुद्र शिरला. आज जहाज उभं असतं ते त्या पाण्यात.

वरचा थर हाताला लागला तर बघा: भुसभुशीत राख आणि त्यात प्युमिसचे हलके, जाळीदार खडे. टाचा घासायला आपल्याकडे बाजारात मिळतो तोच दगड, पाण्यावर तरंगणारा. ही राख चुन्यात कालवली की असा गिलावा होतो जो पाण्याखालीही घट्ट धरतो. म्हणून १८६० च्या दशकात सुएझ कालव्याच्या बांधकामासाठी ती इथून जहाजं भरभरून नेली. तोच कालवा १८६९ मध्ये उघडला आणि मुंबई युरोपच्या कितीतरी जवळ आली. आणि ही राख खणता खणताच, समोरच्या थिरासिया बेटावर, मजुरांना राखेखाली घरांच्या भिंती लागल्या.

आक्रोतिरी म्हणजे तेच का? तिथे काय आहे?

थिरासियावर लागल्या त्या पहिल्या खुणा. खरं गाव सापडलं मुख्य बेटाच्या दक्षिण टोकाला, आक्रोतिरीत. पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनातोस यांनी १९६७ मध्ये तिथे उत्खनन सुरू केलं. एकच मोठी गोष्ट ठरवायची तर मी हीच ठरवेन.

वर मोठं छप्पर आहे, त्यामुळे भर दुपारीही ऊन लागत नाही. लाकडी पुलांवरून चालत खाली गल्ल्या बघायच्या. घरं दोन-दोन, काही तीन मजली. खिडक्यांच्या चौकटी, दारं, धान्याचे रांजण ओळीने मांडलेले. रस्त्याखालून सांडपाण्याची गटारं, आणि एका घरात वरच्या मजल्यावर संडास, त्याचा नळ भिंतीतून खाली गटाराला जोडलेला. लाकूड कुजून गेलं पण राखेत त्याचा साचा राहिला. त्या पोकळीत प्लास्टर ओतून खाटा आणि एक तिपाई जशीच्या तशी मिळवली आहे.

सगळ्यात जास्त वेळ मी एका दगडी जिन्यापुढे उभी होते. प्रत्येक पायरी बरोबर मध्ये दुभंगलेली. उद्रेकाआधी मोठा भूकंप झाला त्याची ही खूण. भूकंपानंतर लोक परत आले होते, ढिगारे बाजूला काढत होते, खाटा बाहेर आणून एकावर एक रचून ठेवल्या होत्या. त्यानंतर राख पडायला लागली. ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पाँपेईत जशी माणसं सापडली तशी इथे घरांमध्ये सापडली नाहीत, दागदागिनेही जवळजवळ नाहीत. म्हणजे त्यांना निघायला वेळ मिळाला. कुठे गेले, ते कळलेलं नाही. आई बराच वेळ त्या खाटांकडे बघत होती. मग म्हणाली, “आवरायला घेतलं होतं गं त्यांनी.”

साधारण त्याच काळात आपल्याकडे शिरूरजवळच्या इनामगावात, घोड नदीच्या काठी, शेतकऱ्यांची वस्ती उभी राहत होती. हे मनात धरून गेलात तर काळाचा अंदाज नीट येतो.

फिऱ्याहून बसने अर्धा तास, बघायला दीड तास, परत अर्धा तास. बेटाच्या बाकी फेरफटक्यापेक्षा हे अडीच तास माझ्या दृष्टीने मोलाचे. उघडण्याची वेळ मोसमाप्रमाणे बदलते, सुट्टीचा वारही असतो, तेवढं निघण्याआधी तपासून घ्या.

म्युझियम बघण्यात वेळ घालवावा का?

फिऱ्यातलं प्रागैतिहासिक थिराचं (थिरा म्हणजे सँटोरिनीच) म्युझियम लहान आहे, बसथांब्यापासून पाच मिनिटांवर, आणि पाऊण तास पुरतो. आक्रोतिरीतली भित्तिचित्रं जागेवर नाहीत. काही अथेन्सच्या राष्ट्रीय म्युझियममध्ये आहेत, काही इथे. १९९९ मध्ये एका पेटीत सापडलेला सोन्याचा छोटा रानबोकडही इथेच आहे.

पण आपण जायचं ते निळ्या माकडांसाठी. लालसर खडकांवर उड्या मारणारी, निळ्या रंगात काढलेली माकडं. ग्रीसमध्ये माकडं नाहीत, म्हणून ती आफ्रिकेतली असावीत असं वर्षानुवर्षं मानलं गेलं. मग २०२० च्या सुमारास कलेच्या अभ्यासकांनी आणि माकडवर्गीय प्राण्यांच्या तज्ज्ञांनी मिळून ते चित्र पुन्हा तपासलं आणि म्हटलं, हे भारतीय उपखंडातले लंगूर दिसतात: लांब हातपाय, आणि शेपटी वर उचलून वळवलेली. सगळ्यांनाच हे पटलेलं नाही. पण मराठीत आपण माकड आणि वानर वेगळे धरतो, काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर. बाबांचं बालपण कोकणात गेलं, कौलांवरून वानरांची टोळी जाताना त्यांनी कित्येकदा बघितली आहे. चित्रापुढे उभे राहून त्यांनी शेपटीचा तो बाक हाताने हवेत काढून दाखवला आणि म्हणाले, “हे वानरच.” साडेतीन हजार वर्षांपूर्वी त्या चितारणाऱ्याने ते प्राणी बघितले असतील, नाहीतर कुणीतरी बघून त्याला सांगितले असतील. मेसोपोटेमियाच्या वाटेने इतक्या दूर व्यापार चालत होता, या कल्पनेनेच मला भरून आलं.

बेटावर फिरायचं कसं?

सार्वजनिक बस. सगळ्या मार्गांचं केंद्र फिऱ्यात आहे, तिकीट बसमध्येच कंडक्टर देतो, सुटे युरो जवळ ठेवा. एका गावाहून दुसऱ्या गावी थेट जाता येत नाही, बहुधा परत फिऱ्याला येऊन बस बदलावी लागते. टॅक्सी बेटावर थोड्याच आहेत, आयत्या वेळी मिळतील असं धरू नका. चार-सहा जण असाल तर आधी गाडी ठरवून ठेवा. चारचाकी क्वाड बाइक भाड्याने घ्यायचा मोह टाळा. वळणाचे रस्ते, बस समोरून येणारी, आणि आपल्याला उजव्या बाजूने चालवायची सवय नाही.

विवराच्या मधल्या काळ्या बेटावर जाता येतं का?

येतं, जुन्या बंदरातून बोटी सुटतात. निआ कामेनी म्हणजे ‘नवी जळालेली’. हे बेट १७०७ ते १७११ च्या उद्रेकात समुद्रातून वर आलं आणि त्यावरचा शेवटचा उद्रेक १९५० चा. सावलीला झाड नाही, काळ्या खडीतून वीस-पंचवीस मिनिटं चढायचं, वर काही भेगांमधून गंधकाच्या वासाची वाफ येते. तरुण मंडळींनी जरूर जावं. पण मग त्या दिवशी आक्रोतिरी नाही.

शाकाहारी लोकांचं काय?

मजेत होईल. ‘फावा’ मागा. नावावरून फावा बीन्स वाटतात, पण ही पिवळ्या डाळीची घोटलेली घट्ट वाटी आहे, वर ऑलिव्ह तेल आणि कांदा. ही डाळ लाखेच्या कुळातली, विदर्भातल्या लाखोळीची चुलत बहीण. बाबांनी पहिला घास घेतला आणि “घट्ट वरण” म्हणून मोकळे झाले. लिंबू पिळून, पावाबरोबर खा. दुसरा पदार्थ टोमॅटोची भजी, पुदिना घातलेली. इथल्या टोमॅटोला पाणी जवळजवळ मिळतच नाही, त्यामुळे तो बोराएवढा आणि चवीला तीव्र असतो. पांढरी वांगीही करतात. सॅलडवर फेटा चीज असतंच, आणि कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी आधी सांगावं, नाहीतर जहाजावरच पोटभर जेवून निघावं. कड्यावरच्या उपाहारगृहात दृश्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात. दोन गल्ल्या आत गेलात की तेच पदार्थ स्वस्त.

वाटेत द्राक्षाचे मळे दिसतील, मांडव कुठेच दिसणार नाही. नाशिककडच्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. इथे वेल जमिनीवरच टोपलीसारखा गोल वळवतात आणि घड त्या टोपलीच्या आत वाढतात, वाऱ्यापासून आणि उन्हापासून जपलेले. रात्रीचं दव हेच त्यांचं मुख्य पाणी.

व्हिसा आणि पैसे?

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. क्रूझ तुर्कस्तानच्या बंदराला जाऊन परत ग्रीसमध्ये येणार असेल तर तो अनेक प्रवेशांचा असला पाहिजे, कारण तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही. अर्ज भरतानाच हे बघा. २०२५ च्या जुलैपासून ग्रीसने क्रूझ प्रवाशांवर शुल्क लावलं आहे, सँटोरिनी आणि मिकोनोसला उन्हाळ्याच्या हंगामात माणशी २० युरो.

भूकंप आणि ज्वालामुखी यांची भीती कितपत?

ज्वालामुखी जागा आहे, त्यावर यंत्रांची नजर असते. ९ जुलै १९५६ च्या भूकंपात बेटावर पन्नासच्या आसपास माणसं गेली आणि ईआसारखी गावं उद्ध्वस्त झाली. आज दिसणारी कितीतरी घरं त्यानंतर पुन्हा उभी केलेली आहेत. २०२५ च्या सुरुवातीला आठवडेच्या आठवडे धक्के बसत होते तेव्हा हजारो रहिवासी बेट सोडून गेले होते, मग परतले. जाण्याच्या आठवड्यात बातम्या बघा. तशी परिस्थिती असेल तर जहाज तिथे नेतच नाहीत.

कोणत्या महिन्यात जावं?

मे, किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन, गर्दी आणि उत्तरेचा जोरकस वारा, ज्याला तिथे मेल्तेमी म्हणतात. वारा फार वाढला की केबल कार बंद होते, लाँचही थांबतात. कधी कधी जहाज बेटाला वळसा घालून पुढे निघून जातं. तेव्हा हिरमुसायला होतं, पण कप्तानाचा निर्णय बरोबरच असतो.

जहाज चुकलं तर?

स्वतंत्र फिरत असाल तर ते थांबत नाही. जहाज सुटण्याची नाही, शेवटच्या लाँचची वेळ महत्त्वाची, तीच मोबाइलमध्ये गजर लावून ठेवा आणि त्याआधी दीड तास फिऱ्यातल्या केबल कारपाशी या. पासपोर्ट जहाजावर जमा असेल तर त्याची प्रत खिशात असू द्या.

फोटोसाठी कुठे उभं राहू नये?

लोकांच्या गच्चीवर आणि चर्चच्या घुमटावर. खालच्या घराचं छप्पर हीच वरच्या वाटेची कड असते, त्यामुळे पर्यटक सहज पुढे जातात. तिथे माणसं राहतात. राखेच्या थरात कोरलेल्या त्या घरांमध्ये त्यांची बाळं दुपारी झोपलेली असतात.

परत जहाजावर आल्यावर?

लगेच जेवायला जाऊ नका. आम्ही तिघं वरच्या डेकवर गेलो. इंजिन सुरू झालं, उन्हं कड्यावर तिरपी पडली होती आणि सकाळी करडे वाटलेले थर तांबडे दिसायला लागले. आई कठड्याला धरून खालून वर थर मोजत होती. अकरापर्यंत आली, मग जहाज वळलं आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.